एक्सपीपासून काय काय लपवावे लागते

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्या सुरक्षा दुरुस्त्या देणे बंद केले. या दोन तारखांच्या मधल्या काळात ज्यांच्या घरी पहिला संगणक आला, त्यांतल्या बहुतेकांना तिची निळी पट्टी आणि हिरवी टेकडी अजून आठवते. पण हा लेख आठवणींचा नाही. मला अलीकडे ती २०११ सालच्या मदरबोर्डावर, घरच्या संगणकात, नव्याने टाकावी लागली. तसे करण्यामागे ठोस कारण होते. त्या कामात कुठे अडते, का अडते आणि त्यावर काय करता येते, एवढेच येथे लिहून ठेवतो.

कारण असे की, माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांचा सांगलीत अक्षरजुळणीचा व्यवसाय होता. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, दोन-तीन गावांचे इतिहास, एका कीर्तनकारांचे पदसंग्रह आणि अगणित लग्नपत्रिका त्यांनी पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये जुळवल्या. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी मराठी पॅकेजे चालत. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची एकच सामाईक अक्षरक्रमांकांची पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या या पॅकेजांचे फाँट आठ बिटांचे असत, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या २५६ खणांतच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या खणात ठेवायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. त्यामुळे एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निव्वळ कचरा दिसतो. त्यातच आतोबांचे पॅकेज संगणकाच्या पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या समांतर पोर्टला डोंगल, म्हणजे पॅकेज विकत घेतल्याची खूण पटवणारे छोटे उपकरण, लावल्याखेरीज चालत नसे. या डोंगलला ते आजही ‘लॉक’ म्हणतात. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगून त्यांचा जुना संगणक बंद पडला, तेव्हा ते मला म्हणाले, “अरे, फायली सगळ्या जाग्यावर आहेत, लॉकही आहे, पण उघडायचे कशात?”

नव्या विंडोजमध्ये ते उघडत नाही, यामागे दोन कारणे आहेत. डोंगलशी बोलणारे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांना जोडणारा छोटा प्रोग्राम, थेट प्रणालीच्या गाभ्यात चालते, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचे ड्रायव्हर मुळीच चढत नाही. शिवाय पॅकेजच्या इन्स्टॉलरचा काही भाग १६ बिटांचा होता, आणि तसे प्रोग्राम चालवण्याची सोय ६४ बिटांच्या विंडोजमधून काढून टाकलेली आहे. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ची खूण करून यातले काहीही सुटत नाही, कारण ती खूण प्रोग्रामला फक्त आवृत्तीविषयी खोटे सांगते आणि गाभा बदलत नाही.

आभासी यंत्राचा, म्हणजे चालू संगणकातच प्रोग्रामने दुसरा संगणक उभा करण्याचा, मार्ग मी आधी तपासला, आणि ज्यांना डोंगलची अडचण नाही त्यांनी तोच धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये एक्सपी सुरळीत बसते, तिला हवी तशी जुन्या धाटणीची डिस्क आणि जुने नेटवर्क कार्ड तेथे आयते मिळते, आणि काही बिघडले तर आधीच्या स्थितीची प्रत परत आणता येते. पण समांतर पोर्टावरचे डोंगल त्या आभासी यंत्रापर्यंत पोहोचवणे ही वेगळीच कटकट असते. बाजारात मिळणारी यूएसबी ते समांतर पोर्ट ही केबल येथे उपयोगाची नाही, कारण ती संगणकाला फक्त प्रिंटर म्हणून दिसते. जुने डोंगल ड्रायव्हर मात्र थेट ३७८ या (सोळा पायाच्या, म्हणजे हेक्साडेसिमल, पद्धतीत लिहिलेल्या) पत्त्यावर पोर्ट शोधते, आणि तो पत्ता ही केबल देऊ शकत नाही. वेगळे पीसीआय कार्ड लावले तरी त्याचा पत्ता बहुधा निराळाच असतो. म्हणजे मदरबोर्डावरच समांतर पोर्ट असलेला खरा संगणक हवा होता.

माझ्याकडे इंटेलच्या एच-६१ चिपसेटचा बोर्ड पडून होता. त्याच्या मागच्या बाजूला पोर्ट नव्हते, पण बोर्डावर त्यासाठी पिनांची रांग होती, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत तिला जोडायची पट्टी मिळाली. अशा कामासाठी यंत्र निवडताना २०१२ ही सीमारेषा धरावी, असे मी सुचवीन. इंटेलचे त्या वर्षीचे सात मालिकेतले चिपसेट हे एक्सपीसाठी ड्रायव्हर मिळालेले शेवटचे. त्यानंतरच्या बोर्डांवर एक्सपी कशीबशी चढतेही, पण ग्राफिक्सपासून यूएसबीपर्यंत प्रत्येक भागासाठी भीक मागत फिरावे लागते.

एक्सपी टाकणे म्हणजे मुळात काय काम आहे, ते येथे सांगतो. प्रणाली स्वतः सालस आहे. सीडी घातली, चार-पाच कळा दाबल्या की ती बसते. अडते ते तिच्यानंतर जन्मलेल्या गोष्टींपाशी. त्या तिला ठाऊक नसतात, आणि त्या समोर आल्या की ती काही न समजावता निळा पडदा दाखवून थांबते. त्यामुळे यातले बहुतेक कष्ट तिला काही शिकवण्यात जात नाहीत, तर नव्या गोष्टी तिच्या नजरेआड ठेवण्यात जातात. डिस्क, बायोस (संगणक सुरू होताच आधी चालणारा, मदरबोर्डावरचा प्रोग्राम) आणि इंटरनेट या तिन्ही ठिकाणी मला हेच करावे लागले.

पण त्याआधी जुन्या डिस्कविषयी सांगायला हवे. आतोबांची आयडीई या जुन्या जोडणीची मूळ ४० जीबीची डिस्क मी प्रथम लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या संगणकाला जोडली आणि तिची बिटाला बिट अशी पूर्ण प्रत काढली. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरला. डिस्कचे खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला मजकूर वाचून घेणे, आणि मग उरलेल्या भागांकडे वळणे, ही त्याची पद्धत वयस्कर डिस्कसाठी योग्य आहे. ही प्रत हातात येईपर्यंत मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही, हा नियम पाळला. तीच डिस्क उचलून नव्या बोर्डाला का लावली नाही, असे अनेकांनी विचारले. एक्सपी बसताना ज्या बोर्डावर बसते त्याच्या डिस्क नियंत्रकाचेच ड्रायव्हर सुरुवातीसाठी नोंदवून ठेवते. बोर्ड बदलला की तिला आपलीच डिस्क सापडत नाही, आणि ‘स्टॉप ७बी’ या क्रमांकाचा निळा पडदा येतो. दुरुस्ती करून ते कधी जमते, कधी नाही, पण एकुलत्या एक मूळ डिस्कवर तसला प्रयोग मी करणार नव्हतो.

आता नवी डिस्क. सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला दुरुस्त्यांचा एकत्रित संच, नसलेली मूळ एक्सपी डिस्कवरील जागेचा पत्ता २८ बिटांत लिहीत असे. ५१२ बाइटांचा एक सेक्टर धरला तर २ चा २८वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे १३७ अब्ज बाइट, एवढीच जागा तिला दिसते. ५०० जीबीची डिस्क लावून २००१च्या सीडीने सुरुवात केली, तर सेटअपच्या पडद्यावर सुमारे १,३१,००० एमबी एवढाच आकडा येतो आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो. ही मर्यादा सर्व्हिस पॅक १ मध्ये दूर झाली. दुसरी मर्यादा विभागणीच्या नोंदीची. आजच्या डिस्कवर सहसा जीपीटी पद्धतीची नोंद असते, आणि ३२ बिटांची एक्सपी ती वाचत नाही. तिला जुनी एमबीआर पद्धतच हवी, आणि त्या पद्धतीत २ टीबीच्या पलीकडे जाता येत नाही. मी १२० जीबीची साधी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली डिस्क, घेतली, म्हणजे पहिली मर्यादा आपोआप टळली, आणि लिनक्समधून तिच्यावर एमबीआर नोंद लिहिली.

ही विभागणी मी सेटअपमध्ये न करता आधीच लिनक्समध्ये केली, यामागे आणखी एक कारण आहे. एक्सपीचा सेटअप पहिला भाग ६३व्या सेक्टरपासून सुरू करतो. डिस्कच्या चकत्या, मार्ग आणि सेक्टर असा हिशेब ज्या काळी चाले, तेव्हा एका मार्गावर ६३ सेक्टर धरले जात. त्या काळाची ही खूण आहे. जुन्या डिस्कला त्याने फरक पडत नसे, पण एसएसडी आणि नव्या डिस्क आतून चार-चार केबीच्या किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत लिहितात, चार केबी म्हणजे आठ सेक्टर, आणि ६३ला आठाने भाग जात नाही. परिणाम असा होतो की, प्रणालीने लिहिलेला एक तुकडा डिस्कवरील दोन तुकड्यांवर पडतो आणि प्रत्येक लेखनाला दुप्पट काम होते. व्हिस्टापासून पुढच्या विंडोज २०४८व्या सेक्टरपासून सुरुवात करतात. तीच सुरुवात धरून मी भाग आखला, आणि एक्सपीच्या सेटअपला तो तयार भाग दाखवला, तेव्हा तिने तो निमूटपणे स्वीकारला. एसएसडीला कोणती जागा मोकळी झाली हे कळवणारी ट्रिमची आज्ञा एक्सपीकडे नाही, म्हणून शेवटची पंचवीसएक जीबी जागा कोणत्याच भागात न घालता तशीच सोडली. डिस्कला आतल्या आत आवराआवर करायला ती पुरते.

बायोसमध्ये दोन बदल केले. डिस्क हाताळणारा साटा नियंत्रक एएचसीआय या नव्या पद्धतीऐवजी जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवला, कारण एएचसीआयचे ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही आणि तो वरचाच ७बी क्रमांकाचा निळा पडदा याही कारणाने येतो. सेटअपच्या सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एफ-६ दाबण्याची सूचना काही क्षण येते, आणि तेव्हा फ्लॉपीवरून ड्रायव्हर देता येते. पण ते खरोखरच फ्लॉपीवरूनच द्यावे लागते. पेनड्राइव्ह तेथे चालत नाही. एनलाइट नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी बनवण्याचा मार्ग आहे आणि तो अनेकांना प्रिय आहे. माझ्या मते अक्षरजुळणीच्या कामाला आयडीई पद्धतीचा वेग भरपूर होतो, आणि एएचसीआयसाठी एवढा खटाटोप करण्याचे प्रयोजन नाही. दुसरा बदल समांतर पोर्टाचा. त्याचा पत्ता ३७८ आणि प्रकार ईपीपी असा ठेवला. काही जुन्या डोंगलांचे ईसीपी प्रकाराशी जमत नाही, आणि आतोबांचे लॉक त्यांपैकीच निघाले.

सीडीविषयी थोडे. एक्सपीच्या काळात आपल्याकडे रस्त्यावर मिळणाऱ्या सीड्या सर्रास वापरल्या जात, आणि अजूनही कोणी कोणी ‘सगळे ड्रायव्हर घातलेली’ म्हणून तसली एखादी प्रत पुढे करतो. ज्या प्रणालीला आता कोणीही दुरुस्त करणार नाही, तिची अनोळखी हातांनी उघडून शिवलेली प्रत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जुन्या संगणकाच्या डब्यावर चिकटवलेली पंचवीस अक्षरांची किल्ली त्या संगणकापुरतीच असते, ती दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही. एका मित्राकडे दुकानातून घेतलेली मूळ खोक्यातली एक्सपी होती, त्याच्या संगणकावरून ती केव्हाच निघाली होती, आणि त्याने ती खोक्यासकट देऊन टाकली. त्या सीडीवर सर्व्हिस पॅक २ होता. २००८ सालचा सर्व्हिस पॅक ३ मी त्यात मिसळून नवी सीडी लिहिली, आणि लिहिण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला. घाईने लिहिलेल्या सीडीवर ‘फाईल कॉपी करता येत नाही’ हा संदेश मध्येच येतो. तसा संदेश आला तर सीडीइतकाच संशय रॅमवरही घ्यावा. पेनड्राइव्हवरून एक्सपी टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण यूएसबीवरून स्वतः सुरू होणे तिच्या स्वभावातच नाही, आणि दहा रुपयांच्या सीडीने काम होत असता त्या वाटेला जाण्यात मला अर्थ दिसला नाही.

पॉवरचे बटण दाबण्यापूर्वी घरातली दुसरी, विंडोज १० असलेली डिस्क मी वायर काढून वेगळी केली. एक्सपी आपली सुरुवातीची नोंद पहिल्या डिस्कवर बेधडक लिहिते आणि शेजारी नवी विंडोज आहे की नाही याची फिकीर करत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, नव्या विंडोजचा भाग एक्सपीला नुसता दिसला तरी त्या भागावरचे रिस्टोअर पॉइंट नाहीसे होतात, कारण त्यांची पुढच्या काळातली रचना तिला ओळखता येत नाही. नेटवर्कची वायरही काढली. कीबोर्ड जुना, गोल पिनेचा लावला, कारण निळ्या पडद्याच्या टप्प्यात यूएसबी कीबोर्ड कधी चालतो आणि कधी रुसतो.

यापुढचा भाग ज्यांनी कधी विंडोज टाकली आहे त्यांना पाठ असेल. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात, एफ-८ दाबून करार मान्य करायचा, आधीच आखलेला भाग निवडून एनटीएफएसमध्ये जलद फॉरमॅट द्यायचा, फायली उतरल्या की संगणक पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी ‘सीडीवरून सुरू करण्यासाठी कळ दाबा’ या सूचनेकडे दुर्लक्ष करायचे. मग डाव्या बाजूला ‘३९ मिनिटे’ हा प्रसिद्ध आकडा येतो. एसएसडीवर ती मिनिटे फार लवकर सरतात, पण आकडा मात्र आपला ३९ पासूनच सुरू होतो.

मराठी वाचकांसाठी या टप्प्यावरची एक खूण महत्त्वाची आहे. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय आहे, मंगल हा फाँट आहे, इनस्क्रिप्ट कळफलक आहे, पण हे सारे आपोआप सुरू नसते. प्रादेशिक आणि भाषाविषयक मांडणीच्या खिडकीत भाषांचा जो दुसरा भाग आहे, त्यात जटिल लिपींच्या फायली बसवण्याची चौकट असते. तिच्यात खूण केली, सीडी पुन्हा दिली आणि संगणक पुन्हा सुरू केला की मगच जोडाक्षरे नीट दिसू लागतात. त्याशिवाय पेनड्राइव्हवरून आलेल्या मराठी नावांच्या फायलींच्या जागी चौकोन दिसतात. त्याच खिडकीतल्या तिसऱ्या भागात युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांची भाषा ठरवायची असते. तेथे इंग्रजीच राहू द्यावी. जुने मराठी फाँट पाश्चात्त्य अक्षरांच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यावर बसवलेले असतात, त्यामुळे तेथे दुसरी भाषा निवडली तर नेमक्या वरच्या खणांतल्या अक्षरांची अदलाबदल होते, आणि मात्रा किंवा रफार भलत्याच ठिकाणी उमटतो.

ड्रायव्हर शोधणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि नावाच्या जागी ‘अज्ञात उपकरण’ एवढेच असते. तेथे उपकरणाच्या गुणधर्मांत त्याचा ओळख क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाचा पहिला भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो. तो ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १०ईसी असेल तर रिअलटेक. इंटेलने आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा आकडाच ओळख म्हणून घेतला, ही त्या कंटाळ्यातली एकमेव गंमत. मला बोर्डासोबत आलेली सीडी जपून ठेवल्याचा फायदा झाला. चिपसेट, ग्राफिक्स आणि आवाज या क्रमाने तिच्यातून सर्व काही बसले. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी बोर्डाच्या कंपनीचे जुने पान शोधावे, पण ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी लागू नये. रॅम आठ जीबी असूनही एक्सपीला सवातीन जीबीच्या आसपास दिसली. ३२ बिटांच्या पत्त्यांत एकूण चार जीबी मावतात, आणि त्यातला काही हिस्सा ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना जातो. यात बिघाड काही नाही. ६४ एमबी रॅमवरही बसावी अशी ज्या प्रणालीची रचना आहे, तिला एवढी जागा म्हणजे चैनच.

सक्रियीकरणासाठी, म्हणजे आपली प्रत मायक्रोसॉफ्टकडून मान्य करून घेण्यासाठी, तीस दिवसांची मुदत असते. नेट जोडायचे नाही असे ठरवलेले होते, म्हणून फोनचा मार्ग घेतला. पडद्यावरचे आकड्यांचे गट एकेक करून कळवायचे आणि उलट मिळालेले गट तसेच भरायचे, एवढेच ते काम, पण एक आकडा चुकला तरी मुळापासून सुरू करावे लागते, म्हणून शांतपणे बसून केलेले बरे.

नेट का जोडायचे नाही, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे लोक सर्वाधिक हलगर्जीपणा करतात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा किडा, म्हणजे जाळ्यातून स्वतःच पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला, तेव्हा दुरुस्त्या नसलेली एक्सपी नुसती इंटरनेटला जोडली तरी काही मिनिटांत बाधित होत असे. त्यानंतर २००४च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल मुळातच सुरू ठेवण्यात आली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या, फायली ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या, प्रोग्रामचा उपद्रव झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली, आणि मे २०१९ मध्ये दूरस्थ प्रवेशातल्या एका गंभीर त्रुटीसाठी पुन्हा तसेच करावे लागले. आपल्या बँकांची अनेक एटीएम यंत्रेही तोवर एक्सपीवर होती. ती जून २०१९ पर्यंत बदलून घ्यावीत, असा टप्प्याटप्प्यांचा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये काढला होता. तात्पर्य, नेट जोडण्यात धोका आहे. त्यात फायदाही नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला आजच्या संकेतस्थळांची सुरक्षित जोडणी करता येत नाही, क्रोमची ४९वी आणि फायरफॉक्सची ५२वी आवृत्ती या एक्सपीवर चालणाऱ्या शेवटच्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या पद्धतीने स्वाक्षरी केलेल्या फायली आपल्या डाउनलोड केंद्रावरून काढून टाकल्या. म्हणून मी नेटवर्क कार्ड बायोसमधूनच बंद केले आणि त्याचे ड्रायव्हर टाकलेच नाही.

मग फायली ये-जा करणार कशा, तर पेनड्राइव्हने. तो एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण एक्सफॅट ओळखायला एक्सपीला वेगळी दुरुस्ती लागते. मात्र पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालवण्याची एक्सपीची सवय आधी बंद करावी. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, दुकानांत आणि झेरॉक्सच्या टपऱ्यांवर एकेकाळी ‘न्यू फोल्डर’ नावाचा जो व्हायरस पेनड्राइव्हवरून गावभर फिरे, तो आतोबांच्या जुन्या डिस्कच्या प्रतीतही डझनभर ठिकाणी सापडला. फोल्डरसारखे चित्र, शेवटी ईएक्सई. नव्या संगणकावर ती प्रत आधी तपासून साफ केली आणि मगच कामाच्या फायली एक्सपीकडे नेल्या.

पॅकेज बसवताना आतोबांना शेजारी बसवले होते, आणि ते बरे झाले. समांतर पोर्टाला काहीही जोडताना वीज बंद हवी, हे मला पुस्तकी माहीत होते. त्यांना मात्र ते चटक्याने माहीत होते. “आतोबा, लॉक आता लावू का?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “आधी मेन बंद कर. आणि स्क्रू दोन्ही बाजूंनी आवळ, सैल राहिले की ऐन कामात हा सुटतो.” डोंगलचे ड्रायव्हर, मग पॅकेज, मग फाँट, आणि शेवटी पेजमेकर ७, असा क्रम त्यांनीच सांगितला. पेजमेकरची ती अखेरची मुख्य आवृत्ती, तीही २००१ सालचीच. आणखी एक मोलाची सूचना त्यांनी केली. फाईल उघडताना एखादा फाँट सापडला नाही, तर पेजमेकर त्याऐवजी जवळचा कोणता घ्यायचा हे विचारणारी खिडकी दाखवतो. तेथे ‘ओके’ करून फाईल जतन केली की मूळ मांडणी गेलीच म्हणून समजावे. ती खिडकी आली की रद्द करायचे, हवा तो फाँट शोधून बसवायचा आणि फाईल पुन्हा उघडायची. त्यांच्या जुन्या डिस्कच्या फाँट फोल्डरची प्रत जवळ होती, म्हणून हे शक्य झाले. पॅकेजसोबत आलेल्या फाँटांखेरीज वर्षानुवर्षे इकडून तिकडून घेतलेले कितीतरी फाँट त्या फायलींत वापरलेले होते.

बाहेर काढण्यासाठी मी दोन वाटा ठेवल्या आहेत. पानांची मांडणी जशीच्या तशी हवी असेल तर पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटरचे ड्रायव्हर टाकून कागदाऐवजी फाईलवर छापायचे. त्या फाईलमध्ये फाँटही गुंफले जातात. ती नव्या संगणकावर नेऊन घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करायची. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो साध्या मजकुराच्या रूपात काढून युनिकोडमध्ये बदलायचा. या बदलात मुद्रितशोधन अटळ आहे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, आणि जोडाक्षरांपाशी परिवर्तक हमखास गडबडतात. ‘कीर्तन’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द तपासले की परिवर्तक कितपत विश्वासू आहे ते लगेच कळते.

सर्व काही चालू लागल्यावर, एकही नवी फाईल तयार करण्यापूर्वी, क्लोनझिलाने त्या एसएसडीची पूर्ण प्रत काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली. आता एसएसडी गेली तर अर्ध्या तासात तीच एक्सपी दुसरीवर उभी राहील. बोर्ड गेला तर पुन्हा शोध करावा लागेल, म्हणून त्याच जातीचा आणखी एक वापरलेला बोर्ड घेऊन ठेवावा असा विचार आहे. बोर्डावरची गोल बॅटरी मात्र आताच बदलली, कारण ती संपली की बायोसची मांडणी मूळ पदावर जाते, नियंत्रक पुन्हा एएचसीआयवर येतो, आणि सकाळी संगणक सुरू करणाऱ्या माणसाला निळा पडदा दिसतो.

प्रत निघत नाही ती फक्त डोंगलची. ते वीसेक वर्षांपूर्वीचे आहे आणि कधी तरी बंद पडणार, त्यामुळे ते चालते आहे तोवर सगळ्या फायलींच्या पीडीएफ करून घेणे एवढेच हातात आहे. क्रम आतोबांनी ठरवला आहे: आधी गावांचे इतिहास, कारण त्यांच्या छापील प्रतीही आता कोणाकडे नाहीत, मग कीर्तनकारांचे पदसंग्रह, मग दिवाळी अंक. पतसंस्थांचे अहवाल त्यांनी यादीतून काढूनच टाकले, आणि लग्नपत्रिका राहू देत म्हणाले. त्यावर आत्याने स्वयंपाकघरातून सांगितले की निदान आपल्या घरातल्या तरी काढा.